गाठीची श्रेणी, संगणक आणि तालुक्याचे कर्तव्य

पारनेर हा अहिल्यानगर जिल्ह्यातील अवर्षणप्रवण तालुका. पावसाच्या भरवशावरील शेतीमुळे येथील अनेक कुटुंबांतील माणसे पूर्वापार मुंबईस नोकरीधंद्यासाठी जात आली आहेत. घरात मोठे दुखणे निघाले की, मुंबईतील नातेवाइकाच्या खोलीवर मुक्काम करून औषधोपचार घ्यावयाचे, ही रीतही जुनीच आहे. परळचे टाटा रुग्णालय हे नाव त्यामुळे तालुक्यातील वाडीवस्तीवरही अपरिचित नाही.

या तालुक्यातील एखाद्या गावी एका शेतकरी स्त्रीच्या स्तनात गाठ आढळली, असे समजू. ती स्त्री मोठ्या रुग्णालयाकडे निघण्यापूर्वीच तिच्या गाठीचा एक लहानसा तुकडा प्रवासास निघालेला असतो. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांनी काढलेला तो तुकडा बाटलीतून प्रयोगशाळेत जातो. काही दिवसांनी एक छापील कागद हाती येतो. त्यावर कर्करोगाच्या प्रकाराचे नाव असते आणि पुढे 'श्रेणी २' किंवा 'श्रेणी ३' असे दोन शब्द असतात. घरातील मंडळींचे लक्ष रोगाच्या नावाने वेधून घेतलेले असल्यामुळे या दोन शब्दांकडे कोणी पाहत नाही. तथापि पुढील उपचार किती तीव्र असावेत, हे ठरविताना डॉक्टर ज्या मोजक्या गोष्टी विचारात घेतात, त्यांमध्ये या श्रेणीचे स्थान महत्त्वाचे आहे.

ही श्रेणी आजवर विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकातून पाहून ठरवीत आला आहे. गेल्या काही वर्षांत या कामी संगणकाचे साहाय्य घेण्याचे प्रयत्न जगभर सुरू झाले असून, त्यांत महाराष्ट्रातील संस्थांचाही वाटा आहे. हे तंत्र काय आहे, त्याची शक्ती व मर्यादा कोणत्या, आणि पारनेरसारख्या तालुक्याचा त्याच्याशी काय संबंध, याची माहिती लोकप्रतिनिधी, शिक्षक व अधिकारी यांना असणे अगत्याचे आहे.

अवस्था निराळी, श्रेणी निराळी

कर्करोगाची 'अवस्था' आणि 'श्रेणी' या दोन संज्ञांची नेहमी गल्लत होते. रोग शरीरात कोठवर पसरला आहे, हे अवस्थेवरून समजते. गाठ किती मोठी आहे, ती काखेतील लसीकाग्रंथींपर्यंत पोचली आहे काय, यकृत, फुप्फुस किंवा हाडे यांत तिचा शिरकाव झाला आहे काय, यावरून अवस्था ठरते. श्रेणी ही त्या पेशींच्या स्वभावाची मोजणी होय. पेशी मूळच्या निरोगी पेशींसारख्या दिसतात की त्यांचे रूप पार पालटले आहे, आणि त्या किती वेगाने वाढत आहेत, हे श्रेणी सांगते. एकाच आकाराच्या दोन गाठींपैकी एक मंदगती व दुसरी आक्रमक असू शकते. २०१८ पासून अमलात आलेल्या अमेरिकन संयुक्त समितीच्या आठव्या आवृत्तीत तर स्तनाच्या कर्करोगाची रोगभाकीतदर्शक अवस्था ठरवितानाच श्रेणीचाही विचार केला जातो.

श्रेणी ठरविण्याच्या आजच्या पद्धतीचा पाया १९२८ मध्ये लंडनचे पेटी व स्कार्फ यांनी घातला. १९५७ मध्ये ब्लूम व रिचर्डसन यांनी तीस गुणांची रीतसर जोड दिली. १९९१ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील एल्स्टन व एलिस यांनी १८०० हून अधिक रुग्णांच्या अभ्यासावरून तिचे निकष अधिक काटेकोर केले. आज जगभर वापरली जाते ती हीच नॉटिंगहॅम पद्धती होय.

या पद्धतीत तीन गोष्टी पाहून प्रत्येकीस १ ते ३ गुण दिले जातात. पहिली गोष्ट म्हणजे नलिकांची रचना. निरोगी स्तनातील ग्रंथींच्या पेशी मधल्या पोकळीभोवती एखाद्या बांधीव विहिरीच्या चिऱ्यांप्रमाणे गोलाकार रचलेल्या असतात. गाठीच्या ७५ टक्क्यांहून अधिक भागात अशी रचना टिकून असेल तर १ गुण, १० ते ७५ टक्के भागात असेल तर २, आणि १० टक्क्यांहून कमी भागात असेल तर ३ गुण मिळतात. दुसरी गोष्ट म्हणजे पेशीच्या केंद्रकाचे रूप. केंद्रके लहान व एकसारखी असतील तर १ गुण. ती फार मोठी, वेडीवाकडी व परस्परांहून भिन्न असतील तर ३ गुण. तिसरी गोष्ट म्हणजे विभाजनाच्या अवस्थेत असलेल्या पेशींची संख्या. सूक्ष्मदर्शकाच्या उच्च शक्तीखाली दहा क्षेत्रे तपासून अशा पेशी मोजल्या जातात. तिन्ही गुणांची बेरीज ३ ते ५ आल्यास श्रेणी १, ६ किंवा ७ आल्यास श्रेणी २, आणि ८ किंवा ९ आल्यास श्रेणी ३ असे लिहिले जाते. या पद्धतीत अधिक गुण म्हणजे अधिक आक्रमक रोग, हे लक्षात ठेवले पाहिजे.

नजरेची मर्यादा

ही पद्धती सोपी व कमी खर्चाची आहे. परंतु ती माणसाच्या नजरेवर अवलंबून आहे. एकच काचपट्टी दोन अनुभवी तज्ज्ञांनी पाहिली तर त्यांचे गुण नेहमी जुळतातच असे नाही. केंद्रकाच्या रूपाविषयी मतभेद विशेषेकरून आढळतात. कारण 'थोडे मोठे' व 'फार मोठे' यांमधील रेषा प्रत्येकाच्या डोळ्यांत किंचित निराळी असते. विभाजन पावणाऱ्या पेशी मोजताना कोणती दहा क्षेत्रे निवडली, यावर संख्या बदलू शकते. शिवाय सूक्ष्मदर्शकाच्या क्षेत्राचा व्यास यंत्रागणिक भिन्न असल्याने गुणांची मर्यादाही त्यानुसार बदलावी लागते.

बेरीज ७ आली की श्रेणी २ आणि ८ आली की श्रेणी ३, अशी ही विभागणी आहे. म्हणजे एका गुणाचा फरक एखाद्या स्त्रीला एका गटातून दुसऱ्या गटात नेतो. त्यातच फार मोठ्या संख्येने गाठी मधल्या, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत मोडतात, आणि या श्रेणीतील रुग्णांना अधिक तीव्र औषधे द्यावीत की नाही, हा डॉक्टरांपुढील अवघड प्रश्न असतो. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १,९२,००० स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे आढळून आले आणि सुमारे ९८,००० स्त्रिया त्याने मृत्यू पावल्या. एवढ्या मोठ्या संख्येत अचूक व एकसारख्या मोजणीचे मोल किती आहे, हे वेगळे सांगावयास नको.

काचपट्टीची प्रतिमा

संगणकास गाठ दिसावी कशी, हा पहिला प्रश्न. शाळेच्या प्रयोगशाळेत कांद्याचा पातळ पापुद्रा काचेवर ठेवून, त्यावर रंगाचा थेंब टाकून विद्यार्थी पेशी व तिचे केंद्रक पाहतात. रुग्णालयातील प्रयोगशाळेत मूलतः हेच घडते. मात्र तयारी अधिक असते. तुकडा प्रथम फॉर्मॅलिनच्या द्रावणात ठेवून स्थिर करतात. नंतर त्यातील पाणी काढून तो मेणाच्या ठोकळ्यात बसवितात. मायक्रोटोम नावाच्या यंत्राने या ठोकळ्याचे सुमारे चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; तेव्हा हा काप माणसाच्या केसाहूनही कित्येक पट पातळ असतो. काचपट्टीवर घेतलेल्या या कापास हिमॅटॉक्सिलीन व इओसिन हे दोन रंग दिले की केंद्रके निळसर-जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसू लागतो.

यानंतर स्कॅनर हे यंत्र संपूर्ण काचपट्टीचे छायाचित्र उच्च शक्तीने टिपते. या प्रतिमेतील प्रत्येक बिंदू सामान्यतः पाव मायक्रॉन इतक्या लांबी-रुंदीचा असतो. त्या हिशेबाने एक सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद कापाच्या प्रतिमेत ४०,००० गुणिले ४०,००० म्हणजे १६० कोटी बिंदू होतात. संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक बिंदू म्हणजे लाल, हिरव्या व निळ्या रंगांची मात्रा दर्शविणारे तीन आकडे असतात. या आकड्यांच्या राशीतून केंद्रक कोठे सुरू होते व कोठे संपते, हे शोधणे म्हणजेच प्रतिमा विश्लेषण होय.

संगणक काय पाहतो

केंद्रके शोधून झाल्यावर संगणक त्यांची दोन प्रकारे मोजणी करतो. पहिल्या प्रकारात तो प्रत्येक केंद्रकाचे क्षेत्रफळ, गोलाई, रंगाची गडदता व पोत मोजतो. दुसऱ्या प्रकारात तो केंद्रकांची परस्परांशी असलेली मांडणी तपासतो. हे समजण्यासाठी पारनेर तालुक्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. सुपे, निघोज, अळकुटी, जवळे, टाकळी ढोकेश्वर, राळेगणसिद्धी ही गावे ठिपक्यांनी दाखविली आणि शेजारची गावे रेघांनी जोडली, तर गावांमधील सरासरी अंतर किती, दाटी कोठे व विरळपणा कोठे, हे आकड्यांत सांगता येते. संगणक केंद्रकांना असेच ठिपके मानून त्यांचे जाळे विणतो. निरोगी ऊतीत हे जाळे नियमित असते. श्रेणी वाढत जाते तसतशी त्याची घडी विस्कटते.

मुंबई विद्यापीठातून जैववैद्यकीय अभियांत्रिकीची पदवी घेऊन अमेरिकेत संशोधन करणारे अनंत मदाभुषी व त्यांचे सहकारी यांनी २००८ मध्ये याच मार्गाने स्तनाच्या ऊतीची श्रेणी ठरविण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. ४८ नमुन्यांच्या प्रतिमांवर केलेल्या या प्रयोगात मांडणीच्या मोजमापांवरून कमी व अधिक श्रेणी ओळखण्यात संगणकास ९३.३ टक्के यश आले. नमुन्यांची संख्या लहान होती. परंतु मांडणीस अंकांत बसविता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

२०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या आज्ञावलीने प्रत्येक प्रतिमेतून ६,६४२ निरनिराळी मोजमापे काढली आणि नेदरलँड्समधील २४८ व कॅनडातील ३२८ रुग्णांच्या नमुन्यांवर त्यांची पारख केली. कर्करोगाच्या पेशींइतकेच त्यांच्या सभोवतीच्या आधार-ऊतीचे रूपही रुग्णाच्या भवितव्याशी निगडित आहे, असे त्यातून दिसून आले. नॉटिंगहॅम पद्धतीत या आधार-ऊतीस गुण नाहीत. जे पाहण्यास माणसास सांगितलेच नव्हते, ते संगणकाने पुढे आणले, हे या प्रयोगाचे विशेष.

त्यानंतरच्या काळात मोजमापांची यादी संगणकास आधी पुरविण्याची पद्धत मागे पडली. आता तज्ज्ञांनी श्रेणी लिहिलेल्या हजारो प्रतिमा संगणकास दाखविल्या जातात आणि कोणत्या खुणा महत्त्वाच्या, हे तो स्वतःच शिकतो. स्वीडनमधील करोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा आज्ञावलीने दुसऱ्या श्रेणीच्या रुग्णांची अधिक व कमी धोक्याच्या दोन गटांत विभागणी करून दाखविली. डॉक्टरांपुढील अवघड प्रश्न नेमका या श्रेणीचाच असल्याने या कार्याचे महत्त्व मोठे आहे.

माणूस व संगणक यांची तुलना २०१६ मधील एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत झाली. लसीकाग्रंथीच्या काचपट्टीवर स्तनाचा कर्करोग पसरला आहे काय, एवढाच प्रश्न तेथे होता. वेळेचे बंधन पाळून काम करणाऱ्या ११ विकृतिशास्त्रज्ञांपेक्षा सर्वोत्तम आज्ञावलीची कामगिरी सरस ठरली. मात्र हवा तेवढा वेळ घेऊन तपासणाऱ्या तज्ज्ञाची कामगिरी तिच्या तोडीची होती. संगणक थकत नाही आणि सायंकाळची शंभरावी काचपट्टीही तो पहिलीइतक्याच लक्षपूर्वक पाहतो, हे त्याचे खरे बळ होय.

मुंबईतील कार्य

परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि १९६२ मध्ये ते केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे आले. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याचे समन्वयनही टाटा स्मारक केंद्राकडे आहे. या केंद्रातील विकृतिशास्त्रज्ञ स्वप्निल राणे आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक अमित सेठी यांच्या सहभागाने २०२० मध्ये एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेण्यात आली. त्यासाठी स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड व पुरःस्थ ग्रंथी या चार अवयवांच्या प्रतिमांमधील ४६,००० हून अधिक केंद्रकांच्या कडा आखून, ती कोणत्या प्रकारच्या पेशींची आहेत, याची नोंद करण्यात आली. हा संग्रह जगातील संशोधकांना खुला करण्यात आला.

संगणकास शिकविणे म्हणजे काय, हे यावरून स्पष्ट व्हावे. यंत्राच्या हुशारीमागे माणसांनी एकेका केंद्रकाभोवती आखलेली रेघ असते. येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. या संग्रहातील नमुने अमेरिकेतील सार्वजनिक संग्रहातून घेतलेले होते. भारतीय स्त्रियांच्या ऊतींचे, भारतीय प्रयोगशाळांत रंगविलेले नमुने मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाल्याखेरीज येथील रुग्णांसाठी अशा आज्ञावलींवर विसंबून राहता येणार नाही.

यंत्राचे दोष

प्रत्येक प्रयोगशाळेतील रंगाची छटा थोडी निराळी असते. एखाद्या ठिकाणी गुलाबी रंग गडद, तर दुसरीकडे फिका असतो. विकृतिशास्त्रज्ञाची नजर हा फरक सहज सावरून घेते. एकाच प्रयोगशाळेच्या प्रतिमांवर शिकलेला संगणक मात्र दुसरीकडे गोंधळतो. कापास पडलेली घडी, काचेवरील धूळ किंवा शाईची खूण यांमुळेही त्याची फसगत होऊ शकते. म्हणून कोणतीही आज्ञावली वापरात आणण्यापूर्वी ती त्या त्या ठिकाणच्या नमुन्यांवर पारखून घेणे आवश्यक ठरते. अहवालावर स्वाक्षरी विकृतिशास्त्रज्ञाचीच असावी आणि जबाबदारीही त्याचीच असावी, याविषयी दुमत नाही. संगणकाने मोजावे, शंकास्थळे दाखवावीत आणि तज्ज्ञाने निर्णय द्यावा, ही या कामाची योग्य विभागणी होय.

परंतु या सर्वांहून मोठी मर्यादा आणखी एक आहे आणि तिचे मूळ प्रयोगशाळेत नसून, तुकडा जेथे काढला जातो तेथे आहे.

बाटलीतील द्रावण

शरीरापासून वेगळा झालेला तुकडा त्या क्षणापासून बिघडू लागतो. रक्तपुरवठा बंद पडतो आणि पेशींतील पाचक द्रव्ये पेशींनाच विरघळवू लागतात. पारनेरच्या एप्रिल-मे महिन्यांतील उन्हात ही क्रिया अधिकच वेगाने होते. फॉर्मॅलिन ही क्रिया थांबविते. त्यास विलंब झाला तर विभाजन पावणाऱ्या पेशींच्या खुणा प्रथम अस्पष्ट होतात. त्या ओळखू न आल्याने त्यांची संख्या कमी भरते. संख्या कमी भरल्याने गुण कमी मिळतात. आणि प्रत्यक्षात आक्रमक असलेली गाठ कागदावर सौम्य ठरण्याचा धोका उत्पन्न होतो. तुकडा खराब झालेला असेल तर मुंबईचा तज्ज्ञ काय किंवा जगातील उत्तमोत्तम संगणक काय, दोघेही नष्ट झालेली खूण परत आणू शकत नाहीत.

या कामाचे नियम खर्चिक नाहीत. तुकडा काढल्यापासून एक तासाच्या आत तो दहा टक्के तीव्रतेच्या, क्षार घालून उदासीन केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये पडावा. द्रावण तुकड्याच्या किमान दहा पट असावे. बाटली रुंद तोंडाची असावी. कारण अरुंद तोंडातून कोंबलेल्या तुकड्याचा आकार बिघडतो. हे द्रावण ऊतीत तासाला सुमारे एक मिलिमीटर इतक्या सावकाश गतीने शिरते. म्हणून मोठी गाठ असल्यास शल्यचिकित्सकाने दिशेच्या खुणा करून तिला योग्य छेद द्यावेत, म्हणजे द्रावण आतपर्यंत पोचेल. तुकडा या द्रावणात ६ तासांहून कमी किंवा ७२ तासांहून अधिक काळ राहू नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. संप्रेरक-ग्राहींच्या ज्या चाचण्यांवरून औषधांची निवड होते, त्या चाचण्याही या काळजीवरच अवलंबून असतात. बाटलीवर रुग्णाचे नाव, कोणत्या बाजूचा स्तन, आणि तुकडा काढल्याची व द्रावणात टाकल्याची वेळ लिहिलेली असावी.

साध्या मिठाच्या पाण्यात किंवा कोरड्या बाटलीत तुकडा पाठविणे म्हणजे तपासणी वाया घालविणे होय. त्याहून गंभीर चूक म्हणजे काढलेली गाठ तपासणीस न पाठविताच टाकून देणे. बारीक सुईने पेशी ओढून केलेल्या तपासणीत कर्करोग आहे की नाही हे बहुधा समजते. परंतु नलिकांची रचना दिसत नसल्याने नॉटिंगहॅम पद्धतीची पूर्ण श्रेणी त्यावरून देता येत नाही. त्यासाठी जाड सुईने घेतलेला ऊतीचा तुकडाच लागतो.

रुग्णाच्या कुटुंबानेही एक गोष्ट सांभाळली पाहिजे. मेणाचे ठोकळे व काचपट्ट्या हा उपचारांचा अमोल दस्तऐवज आहे. मोठ्या रुग्णालयात जाताना केवळ अहवालाचा कागद न नेता प्रयोगशाळेकडून ठोकळे व काचपट्ट्या मागून घ्याव्यात. तेथील तज्ज्ञ त्या पुन्हा तपासतात. ठोकळा जपलेला असल्यास पुन्हा तुकडा काढण्याचा त्रास व खर्च बहुधा वाचतो.

तालुक्यात काय करता येईल

पारनेरच्या ग्रामीण रुग्णालयात स्कॅनर व संगणकाची आज्ञावली असलीच पाहिजे, असे नाही. श्रेणी ठरविण्याचे काम दूरच्या शहरातही होऊ शकते. गाठ वेळेवर दाखविली जाणे आणि तुकडा चांगल्या स्थितीत पोचणे, ही दोन कामे मात्र तालुक्यातच व्हावयास हवीत.

पहिल्या कामी मुंबईतील एक दीर्घ प्रयोग मार्गदर्शक आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतील झोपडवस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा समावेश असलेला अभ्यास हाती घेतला. त्यांपैकी एका गटातील स्त्रियांची स्तन-तपासणी दर दोन वर्षांनी हाताने करण्यात आली. ही तपासणी करणाऱ्या कार्यकर्त्या डॉक्टर नव्हत्या. शालेय शिक्षण झालेल्या व या कामाचे खास प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया होत्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या व चौथ्या अवस्थेत आढळणाऱ्या रोगाचे प्रमाण ३७ टक्के होते. दुसऱ्या गटात ते ४७ टक्के होते. एकंदर मृत्यूंतील १५ टक्के घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही. परंतु ५० व त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांत मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले. कोणत्याही महागड्या यंत्राविना साधलेले हे यश आहे.

केंद्र शासनाने २०१६ मध्ये ठरविलेल्या मार्गदर्शक धोरणानुसार ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची स्तन-तपासणी दर पाच वर्षांनी करावयाची आहे. आशा स्वयंसेविका घरोघरी जे माहितीपत्रक भरून घेते, त्यात स्तनातील गाठ, स्तनाग्रातून येणारा रक्तमिश्रित स्राव आणि स्तनाच्या आकारातील बदल यांविषयीचे प्रश्न आहेत. हे प्रश्न घरातील पुरुषांच्या देखत, ओसरीवर विचारले गेले तर उत्तर 'नाही' असेच येणार. तेथे थोडा एकांत मिळवून देणे, हे घरातील ज्येष्ठ स्त्रियांचे काम आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीस बहुधा दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गाठीसाठी कांदा काढणीच्या दिवसांत डॉक्टरकडे जावयाचे कसे, असा संकोच स्त्रिया करतात. दुखत नाही म्हणून दाखवू नये, ही समजूत दूर करणे हे या रोगाविरुद्धचे सर्वांत स्वस्त औषध आहे.

ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद राज्यात आहे. वर्षातून एका सभेत हा विषय घेऊन आरोग्यसेविकेस बोलावता येईल. गावातील किती स्त्रियांची तपासणी झाली आणि संशयित आढळलेल्यांपैकी किती जणी प्रत्यक्ष रुग्णालयात पोचल्या, या दोन आकड्यांची विचारणा नावे न घेता पंचायत सदस्यांनी करावी. शिक्षकांना पेशीचा पाठ शिकविताना कांद्याच्या पापुद्र्यापासून काचपट्टीपर्यंत आणि तेथून संगणकापर्यंत विद्यार्थ्यांना नेता येईल. तो पाठ घरी आईच्या कानी जातो. खर्चाच्या भीतीने उपचार टाळणाऱ्या कुटुंबांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, हे सांगणे ग्रामसेवकास व सरपंचांस सहज शक्य आहे.

शास्त्र पुढे जात राहील. येत्या काळात विकृतिशास्त्रज्ञाच्या शेजारी बसून केंद्रके मोजणारा संगणक राज्यातील अधिकाधिक प्रयोगशाळांत दिसू लागेल, आणि त्याचा लाभ पारनेरच्या स्त्रीला मुंबईच्या स्त्रीइतकाच मिळावयास हवा. त्या लाभाची सुरुवात मात्र दोन लहान गोष्टींपासून होते. गाठ हाताला लागली त्याच आठवड्यात ती दाखविली गेली पाहिजे, आणि काढलेला तुकडा एका तासाच्या आत योग्य द्रावणात पडला पाहिजे. या दोन्ही गोष्टी तालुक्याच्याच हाती आहेत.